शिडाच्या होडीची कप्पी-दोरी लावताना

आमच्या होडीचं शीड, त्याचा लाकडी वासा आणि वरच्या दोऱ्या मिळून कोरड्या दिवशी पन्नास किलो भरतात, दवाने भिजल्या की साठ. ते सगळं पाच मीटर वर चढवायचं आणि होडीवर आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी मढच्या खाडीत हे शीड अर्ध्यावरून खाली आलं. वासा मध्येच अडकला म्हणून आम्ही दोरी जरा सैल सोडली, तेवढ्यात लाट आली, वरची कप्पी उसळली आणि तिचा हूक डोलकाठीच्या कडीतून सुटला. हूकचं तोंड सुतळीने बांधायचं काम मी ‘उद्या करू’ म्हणून ठेवलं होतं. वासा माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर आदळला.

किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेल्या तांडेलकाकांनी सगळं पाहिलं होतं. आम्ही होडी लावली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दोरी नवीन घेतलीस, कप्पी नवीन घेतलीस. त्या दोघींना धरणारं काय होतं ते बघितलंस का?”

तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा केला. आधी कप्पी ज्याला टांगायची ते, मग कप्पी, शेवटी दोरी. पण दोरी-कप्पीचा हिशेब कळल्याशिवाय टांगणीवर किती भार येतो ते कळत नाही, म्हणून सुरुवात हिशेबापासून. पावसाळ्यात होड्या वर ओढून ताडपत्रीखाली असतात, तेव्हा नारळी पौर्णिमेआधीचे दोन-तीन आठवडे या कामाला उत्तम.

किती चाकं हवीत

विहिरीवरची कप्पी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती फक्त ओढायची दिशा बदलते, वजन तेवढंच राहतं, उलट घर्षणामुळे थोडं वाढतं. वजन हलकं व्हायचं तर एक कप्पी वजनाबरोबर हलली पाहिजे. एक अचल कप्पी, एक हलती कप्पी आणि त्यांच्यातून फिरणारी एकच दोरी, या जोडणीला गोदीत सरसकट टॅकल म्हणतात. मीही तेच म्हणेन.

शाळेतल्या पुस्तकात कप्पीला घर्षण नसतं. होडीवर असतं. जुना आरमारी ठोकताळा असा: दर चाकामागे भाराचा दहावा हिस्सा घर्षणापायी जादा धरायचा आणि येणाऱ्या बेरजेला हलत्या कप्पीला पेलणाऱ्या पदरांनी भागायचं. पदर म्हणजे हलत्या कप्पीला लागून असलेले दोरीचे भाग.

आमच्या साठ किलोंना हे लावून बघू. डोलकाठीवर एकच कप्पी असेल तर साठ अधिक सहा, म्हणजे ६६ किलोंची ओढ. वर एक आणि खाली एक अशा एकेरी, म्हणजे एका चाकाच्या, कप्प्या लावल्या तर दोन चाकं, दोन पदर: ७२ भागिले २, ३६ किलो. वर दुहेरी, खाली एकेरी: तीन चाकं, तीन पदर, ७८ भागिले ३, २६ किलो. दोन्ही दुहेरी: ८४ भागिले ४, २१ किलो. दोन्ही तिहेरी: ९६ भागिले ६, १६ किलो.

आता दुसरी बाजू बघा. शीड पाच मीटर चढवायला तीन पदरांत पंधरा मीटर दोरी ओढावी लागते, चार पदरांत वीस, सहा पदरांत तीस. तिहेरी कप्प्यांनी पाच किलो वाचले, पण दहा मीटर दोरी जास्त ओढली आणि ती सगळी पायात आली. शीड उतरवताना तर सहा चाकांचं घर्षण आडवं येतं, हलकं शीड आपल्या वजनाने खालीच येत नाही, वर चढून ओढावं लागतं. वाऱ्याचा झोत आला असताना हे नको असतं. वीस फुटी होडीला वर दुहेरी, खाली एकेरी यापलीकडे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्याने जड जात असेल तर कुठलं तरी चाक फिरत नाहीये, आधी ते शोधा.

या हिशेबातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा वरच्या हूकचा. शीड साठ किलोंचं, म्हणून वरच्या कडीवर साठ किलो असं वाटतं. पण तुम्ही खाली २६ किलोंनी ओढताय, तेही तिच्याच माथी. म्हणजे ८६. शिवाय होडी डुलते तेव्हाचे हिसके वेगळे. डोलकाठीच्या बुडाशी दिशा बदलायला आणखी एक कप्पी लावली तर चाकं चार होतात, ओढ २८ किलोंवर जाते आणि त्या बुडाच्या कप्पीत दोरी काटकोनात वळत असेल तर तिच्या टांगणीवर सुमारे ४० किलो येतात. दोरी वळून जवळजवळ उलटी फिरत असेल तर ओढीच्या दुप्पट.

हलती कप्पी कुठली, यानेही फरक पडतो. होडी वाळूवर ओढायची आहे आणि तिला ४०० किलोंचा विरोध आहे असं समजा. एकेरी कप्पी किनाऱ्यावरच्या खुंटाला, दुहेरी कप्पी होडीला, आणि ओढायचं टोक होडीच्या कप्पीतून निघून खुंटाच्याच दिशेने. आता होडीला चार पदर ओढताहेत: ५२० भागिले ४, १३० किलो. कप्प्यांची अदलाबदल केली, दुहेरी खुंटाला लावली, की पदर तीनच उरतात आणि ओढ १७३ किलो होते. सामान तेच, माणसं मात्र एक-दोन जास्त. वाळूत पाय रोवून एक माणूस तीस-पस्तीस किलोंची ओढ धरतो असा माझा अंदाज आहे.

कप्पी निवडताना

कप्पीचे भाग चारच: बाजूचे दोन गाल, मधलं चाक, चाकाचा आस आणि टांगायची कडी किंवा हूक. खालच्या टोकाला आणखी एक छोटी कडी असेल तर तिथे दोरीचं एक टोक बांधता येतं. टॅकलसाठी निदान एका कप्पीला ही कडी हवीच, नाहीतर पहिलं टोक बांधायला जागा राहत नाही.

लाकडी कप्पीचं माप दोरीच्या घेरावरून काढतात. चाकाचा व्यास घेराच्या दुप्पट, कप्पीची लांबी घेराच्या तिप्पट. १२ मिलिमीटरच्या दोरीचा घेर साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे चाक ७५ आणि कप्पी ११५ मिलिमीटरच्या आसपास. लहान चाकावरून दोरी वळली की बाहेरचे धागे ताणले जातात, आतले चुरगळतात, आणि दोरी शिडाच्या वजनाने नाही, त्या वळणाने मरते. दुकानात दोरीचा तुकडा बरोबर न्या. तो खाचेत अर्धा बसला पाहिजे आणि चाक व गाल यांच्या फटीत नखही जाता कामा नये. बांधकामावरच्या लोखंडी कप्प्या स्वस्त असतात, पण त्यांच्या फटीत दोरी उतरते आणि पाचर मारल्यासारखी अडकते. आमचा वासा ‘अडकला’ होता तो असाच.

हे माप आजचं नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या हाताखाली १८१० साली सागाचं ‘मिंडेन’ हे ७४ तोफांचं जहाज पाण्यात उतरलं. त्या वर्गाच्या एका जहाजाला हजाराच्या आसपास कप्प्या लागत. ब्रिटिश आरमाराला एवढ्या कप्प्या हाताने करणं जमेना, तेव्हा पोर्ट्समथला मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून हेन्री मॉडस्लीने यंत्रं केली आणि १८०८ पर्यंत तिथून वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. चाकं लिग्नम व्हिटे नावाच्या लाकडाची असत. ते पाण्यात बुडण्याइतकं जड आणि त्याच्या अंगच्या राळेमुळे आसावर आपोआप वंगण होतं. मुंबईतच १८१७ साली उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिचे फोटो बघताना तोफांकडे न बघता डोलकाठ्यांच्या बुडाशी बघा.

आपल्याला लिग्नम व्हिटे परवडणार नाही. माझ्या कप्प्यांचे गाल सागाचे, चाकं बाभळीची, आस पितळेचे. विकत घ्यायच्या तर स्टेनलेस आस आणि प्लास्टिकचं चाक असलेल्या घ्या. स्टीलमध्ये ३१६ नंबरची प्रत मागा, ३०४ ला खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजांच्या भंगारातल्या दणकट कप्प्या मिळतात, पण त्या बहुतेक तारेच्या दोरासाठी असतात. त्यांची खाच अरुंद आणि तारेने कातरलेली असते. बोट फिरवून बघा, करकरीत लागलं तर ती साध्या दोरीची वैरीण.

दोरी

नागदेवी स्ट्रीटला दोरी मागितली की जे पुढे येतं ते सगळं ‘नायलॉन’ असतं. निम्म्या वेळा ते पॉलिप्रॉपिलीन निघतं. बादलीत तुकडा टाका, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. जाळ्याच्या वरच्या कडेला ते ठीक, पण उन्हाने भुरभुरं होतं, शीड चढवायला नको. खरं नायलॉन बुडतं, मजबूत असतं आणि खूप ताणतं. हिसके पचवायचे असतात त्या नांगराला तो गुणच आहे, पण शिडाला लावलंत तर सकाळी ताठ चढवलेलं शीड दहा वाजता ढिलं. शिडासाठी पॉलिएस्टर. काथ्याचा दोर दिसायला देखणा, पण तेवढ्याच ताकदीसाठी फार जाड घ्यावा लागतो.

जाडी ताकदीवरून ठरवू नका. १२ मिलिमीटरचा तीन पेडी पॉलिएस्टर दोर दोन टनांच्या वर तुटतो आणि आपली ओढ २६ किलोंची. जाडी ठरते हातावरून. ओल्या हाताने दहा मिलिमीटरपेक्षा बारीक दोरी ओढून बघा, तळवे सांगतील.

लांबीचा हिशेब शीड खाली असताना करायचा, कारण तेव्हाच सगळी दोरी कप्प्यांमध्ये असते. तीन पदर गुणिले पाच मीटर, अधिक वरून खाली येणारा ओढीचा पदर पाच मीटर, अधिक खुंटीवर गुंडाळायला तीन मीटर. तेवीस. मी पंचवीस घेतो, कारण टोकं झिजतात आणि कापावी लागतात.

नवी गुंडाळी उभी ठेवून वरून वेढे उपसू नका, दर वेढ्यागणिक एक पीळ चढतो. काठीवर ओवून गडगडत सोडा. कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, कापल्यावर टोक वितळवा आणि त्यावर मेण लावलेल्या दोऱ्याचे दोरीच्या जाडीएवढ्या रुंदीत वेढे घाला. नुसत्या वितळलेल्या टोकाला कडक कंगोरे येतात. दोरी हातातून सुटली की तेच कंगोरे तळवा चिरतात.

ओवायची पद्धत

हे काम डोलकाठीवर चढून करू नका. वाळूवर चटई टाकून दोन्ही कप्प्या हातभर अंतरावर समोरासमोर ठेवा. डावीकडे दुहेरी, तिचा हूक डावीकडे. उजवीकडे एकेरी, तिचा हूक उजवीकडे. एकेरीची छोटी कडी दुहेरीकडे तोंड करून.

दोरीचं मोकळं टोक दुहेरी कप्पीच्या तुमच्या जवळच्या चाकात घाला आणि पलीकडून बाहेर काढा. ते उजवीकडे आणून एकेरीच्या चाकातून फिरवा. परत डावीकडे नेऊन दुहेरीच्या दुसऱ्या चाकात घाला आणि बाहेर ओढा. हे झालं ओढायचं टोक. आता दोरीचं मागे राहिलेलं टोक एकेरीच्या छोट्या कडीला बांधा. प्रत्येक चाकावर दोरी एकाच बाजूने आत गेली पाहिजे, एकदा वरून आणि एकदा खालून असं झालं तर पदर एकमेकांना घासतात. उचलून धरा आणि मोजा: एकेरी कप्पीला तीन पदर लागले असतील तर बरोबर.

कडीला नुसती गाठ चालते, बोलाइन म्हणजे न आवळणाऱ्या फाशाची गाठ घाला. पण गाठीने दोरीची ताकद तिसऱ्या हिश्शाच्या आसपास घटते, आणि मुख्य म्हणजे गाठीचा गोळा वर जाऊन कप्पीला अडतो, शीड वीतभर खालीच राहतं. धातूच्या थिंबलभोवती, म्हणजे खाच असलेल्या कड्याभोवती, पेड गुंफून डोळा केला तर दोन्ही अडचणी जातात. काथ्या किंवा मनिला असेल तर पेड तीनदा गुंफले की पुरतात, पॉलिएस्टर-नायलॉन गुळगुळीत असल्याने पाचदा.

दोन्ही कप्प्या एकमेकींना टेकल्या की टॅकल संपलं, पुढे कितीही ओढा. म्हणून शीड पूर्ण चढल्यावर दोन कप्प्यांत निदान हातभर अंतर उरेल एवढी वरची कडी उंच हवी.

टांगणी

डोलकाठीला आरपार बोल्ट मारून कडी बसवण्यापेक्षा मी दोरीचं कडं वापरतो. भोक पाडलं की तिथून पाणी शिरतं आणि लाकूड आतून कुजतं, बाहेरून कळतही नाही.

कडं एकाच पेडाचं करतात. जुन्या तीन पेडी दोरीतून एक पेड सोडवून घ्या, त्याचा मूळचा पीळ हाताने उलगडू देऊ नका. हव्या असलेल्या कड्याचा परीघ साठ सेंटिमीटर असेल तर तिप्पट, म्हणजे एकशे ऐंशी, आणि वर चाळीस सेंटिमीटर जादा. मधला भाग कड्यासारखा वळवा आणि एक टोक त्याच पिळाच्या खाचेत बसवत गोल फिरवा. खाच जिथे बोलावते तिथेच पेड जाऊ द्या, जबरदस्ती केली की फुगवटा येतो. दुसरी फेरी पुरी झाली की समोर तीन पेडी दोरीचं बेमालूम कडं दिसेल. उरलेल्या दोन टोकांची अर्धी गाठ मारून टोकं पेडांखाली खुपसा. हे कडं डोलकाठीच्या खांद्यावर, म्हणजे लाकूड जाड होतं त्या पायरीवर बसवा. गुळगुळीत लाकडावर ते कितीही घट्ट वाटलं तरी घसरतं.

कप्पी या कड्याला शॅकलने, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या यू आकाराच्या कडीने, जोडा आणि शॅकलची पिन तारेने बांधा. हूकच असेल तर ते काम आजच: सुतळीचे हूकच्या पाठीपासून टोकापर्यंत आठ-दहा वेढे, मग त्याच वेढ्यांना मधोमध आवळणारे तीन-चार आडवे वेढे, आणि उलटसुलट दोन गाठी. पाच मिनिटं लागतात.

इंजिन उतरवायला लोक दोन खांबांमध्ये दोर ताणतात आणि त्याला मधोमध कप्पी टांगतात, तेव्हा दहीहंडी आठवा. दोर जितका ताठ, तितका त्याच्यावर ताण जास्त. ४० किलो मधोमध टांगले आणि दोर आडव्यापासून जेमतेम दहा अंश झुकला असेल तर दोराच्या प्रत्येक बाजूवर ११५ किलोंचा ताण येतो. ढिला बांधा, भरपूर झोळ पडू द्या.

शीड चढवताना

चढवण्याआधी एकाने दोरी पूर्ण मोकळी करून फरशीवर पसरावी. तीन पेडी दोरी गुंडाळायची ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, तिचा पीळच तसा असतो. गुंडाळीच्या आत पाय नको. दोरी हाताभोवती वेढून ओढू नका, शीड खाली सुटलं तर बोटं बरोबर जातात. मूठ एकावर एक.

शीड वर गेलं की दुसऱ्याने खुंटीखालून एक पूर्ण वेढा घ्यावा आणि मगच पहिल्याने हात सोडावा. त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तीन वेढे. शेवटचा वेढा उलटा करून घट्ट अडकवायची सवय अनेकांना असते. काथ्याची दोरी भिजली की आखडते आणि मग तो वेढा चाकूशिवाय सुटत नाही. पॉलिएस्टर आखडत नाही, तरी मी तो वेढा घालत नाही. उतरवताना वेढे एकेक काढा, शेवटचा ठेवा आणि त्याच्या घर्षणावर शीड सावकाश सोडा.

तिरक्या वाशाचं शीड असेल तर डोलकाठीचे तणावे, म्हणजे तिला बाजूने ताणून धरणारे दोर, तेही टॅकलवर ठेवा. वळताना वासा डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचा असतो, तेव्हा आडवा येणारा तणावा सोडून वाऱ्याकडच्या बाजूला लावावा लागतो. शीड चढवायची दोरी मागच्या बाजूला बांधली तर तीही डोलकाठीला मागून आधार देते. अरबी समुद्रातली लाकडी गलबतं हे कायम करत आली आहेत.

देखभाल

दर फेरीनंतर गोडं पाणी. कप्प्या बादलीत बुडवून चाकं हाताने फिरवा, मीठ आसातच बसलेलं असतं. वर्षातून एकदा आस काढा, पुसा, ग्रीसचं बोट लावा. आसावर एका बाजूला खाच पडली असेल तर तो फिरवून परत घालू नका, बदला.

दोरी दोन हातांत धरून उलट्या दिशेने पिळा म्हणजे पेड उघडतात. आत पांढरी भुकटी दिसली तर वाळू शिरली आहे आणि धागे आतून कापले जाताहेत. बाहेरून केसाळ दिसणं त्यामानाने किरकोळ. झीज नेहमी त्याच जागी होते, शीड चढलेलं असताना चाकांवर टेकतात त्या तीन ठिकाणी. म्हणून हंगामाच्या मध्यावर, मी डिसेंबरात करतो, दोरी उलटी ओवायची: ओढायचं टोक कडीला, कडीचं टोक हातात. तेव्हाच वर चढून दोरीचं कडं अंगठ्याने चाचपून यायचं आणि हूकवरची सुतळी कापून नवी बांधायची, जुनी धड दिसत असली तरी.